तिसऱ्या सिलिंडरची भिंत

चंडीगडच्या गोल चौकांत उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असा नियम आहे. मी उजवीकडच्याला देतो, डावीकडच्याला देतो, आणि कोणीच येत नसेल तर येईल म्हणून थांबतो. माझ्या मागचे लोक थोडा वेळ हॉर्न वाजवतात आणि मग सोडून देतात. पेशंट दगावल्यावर डॉक्टर सोडून देतात तसं. मी मूळचा सांगलीचा, पंचवीस वर्षं या शहरात सोनोग्राफी करतो. अशा माणसाच्या घरात मोटारीच्या शर्यतीत उतरणारी मुलगी कशी निपजली, हे माझ्या कुठल्याही मशीनवर अजून दिसलेलं नाही.

मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी जुनी गाडी तिनं मागितली तेव्हा मला वाटलं, कॉलेजला जायला हवी असेल. दोन महिन्यांत गाडीच्या आतल्या गाद्या गेल्या, दरवाज्यांची अस्तरं गेली, आणि आत लोखंडी पाइपांचा पिंजरा उभा राहिला. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून तो असतो, असं तिनं मला समजावून सांगितलं. माझा धीर वाढावा म्हणून सांगितलं. पुढं तिनं इंजिनही बाहेर काढलं. ते चार-सहा आठवडे माझे फार सुखाचे गेले. इंजिन नसलेली गाडी ही मला आयुष्यात मनापासून आवडलेली पहिली गाडी.

मग एका संध्याकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, "बाबा, मैं सोच रही हूँ, पंद्रह सौ कर दूँ."

आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. आमच्या घरचा हा जुना करार आहे.

"काय पंधराशे?"

"सीसी."

माझा चेहरा बघून बायको मदतीला आली. ती विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते; तिला कुठलीही गोष्ट पानाफुलांत नाहीतर डब्यांत समजावून सांगता येते. "अहो, सिलिंडर म्हणजे डबे समजा. चार डबे. चारांत मिळून किती मावतं ते सीसी. आत्ता तेराशे मावतं. जास्त हवं तर डबा रुंद करा, नाहीतर उंच करा."

"एक्झॅक्टली, आई," मुलगी म्हणाली. आणि कागद घेऊन बसली.

तिचा विचार दोन्ही करायचा होता. चौऱ्याहत्तर मिलिमीटरचा सिलिंडर आतून कातून शहात्तरचा करायचा, म्हणजे डबा रुंद. शिवाय पिस्टनला वर-खाली करणारा क्रँक दुसऱ्या एका इंजिनचा, तिनं आधीच विकत घेऊन ठेवलेला, घालायचा, म्हणजे पिस्टनची धाव वाढेल, डबा उंच. दोन्ही मिळून पंधराशे सहा सीसी. नुसता रुंद केला तर तेराशे सत्तर. शर्यतीत चौदाशेच्या आतल्या गाड्यांचा एक वर्ग आणि त्यावरच्या सोळाशेपर्यंतच्यांचा दुसरा. तेव्हा चौदाशेला जेमतेम ओलांडण्यात काही अर्थ नाही. जायचं तर नीट वर जायचं नाहीतर आत राहायचं.

"तेराशेला काय झालंय?" मी म्हणालो. "लोक तेराशेत लडाखला जाऊन येतात."

"जाते हैं, बाबा. घड़ी लगाके नहीं जाते."

"आणि कातता कातता भिंत पातळ झाली तर?"

ती खरं बोलते, हा तिचा दोष आहे. भिंतीच्या पलीकडे पाणी खेळत असतं, ती म्हणाली. भिंत तडकली तर पाणी आत येतं, तेल बिघडतं, इंजिन जाम होऊ शकतं. आणि गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे इंजिन जाम झालं तर पुढची चाकंही.

"एकदम?"

"एकदम."

"वळणावर असलीस तर?"

तिनं बिस्किट चहात बुडवलं. त्या रात्रीपासून मला झोपेत वळणं दिसायला लागली. शर्यत डोंगराच्या रस्त्यावर होती. वर चढत जायचं, एका वेळी एक गाडी, डावीकडे कडा, उजवीकडे काही नाही. हे 'काही नाही' मी पहाटे पहाटे फार स्पष्ट बघायचो.

इंडस्ट्रियल एरियात एक म्हातारे सरदारजी आहेत. सिलिंडर कातण्यात त्यांचा हात धरणारं या भागात कोणी नाही, असं म्हणतात. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे चारही सिलिंडर ज्यात असतात तो ओतीव लोखंडाचा ठोकळा, घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बिडाच्या त्या ब्लॉकवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर साब, बाहर से इसका कुछ पता नहीं चलता जी. ढलाई में अंदर का साँचा ज़रा सरक जाए, तो एक दीवार मोटी, एक पतली. पहले दीवार नापो, फिर साइज़ की बात करो."

भिंत मोजायचं यंत्र ज्याच्याकडे होतं तो गावाला गेला होता, लग्नाला. आठ-दहा दिवस येणार नव्हता.

"ते यंत्र मोजतं कसं?" मी विचारलं.

"आवाज़ भेजता है जी. आवाज़ टकरा के वापस आती है."

एवढं ऐकलं आणि मी छाती फुगवून म्हणालो, "हे तर मी रोज करतो."

आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण तेव्हा मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला तिच्या तिसरी-चौथीनंतर मिळाली नव्हती.

सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेतून हलवता येत नाही. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा त्याबाबतीत कडक आहे आणि मी कायद्याला उंदरासारखा भितो. तेव्हा ब्लॉकलाच क्लिनिकमध्ये आणावं लागलं. रविवारी, बंद वेळात. गाडीतून उतरवून आम्ही तो व्हीलचेअरवर ठेवला आणि वर चादर टाकली. वॉचमन धावत आला, "मरीज़ है जी?" मी हो म्हणालो. पेशंटला पाय नाहीत हे बघून तो बिचारा टोपी काढून बाजूला उभा राहिला.

मशीनला पेशंटचं नाव लागतं. 'ब्लॉक' घातलं. वय, अठरा. पुढचा रकाना भरल्याशिवाय मशीन पुढं सरकेना, तेव्हा 'अन्य' घातलं. सांध्यांसाठी वापरतो तो छोटा प्रोब घेतला, बिडाला जेल चोपडलं, आणि पहिल्या सिलिंडरमध्ये हात घातला. पडद्यावर पांढऱ्या रेषा आल्या. आपल्याला काही दिसतंय या आनंदात मी कर्सर लावले.

एक दशांश आठ मिलिमीटर.

दुसऱ्या सिलिंडरला तेवढंच, चौथ्याला तेवढंच. तिसऱ्याला एका बाजूला एक दशांश चार. तीनदा मोजलं. चार.

मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. "व्यास दोननं वाढवायचा, म्हणजे प्रत्येक भिंतीतून एक मिलिमीटर जाणार," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे घाबरली होती. "मग उरणार काय?"

"शून्य दशांश चार."

"इतना तो... बाबा, इतना तो पत्रे का डिब्बा होता है."

आम्ही जेल पुसलं. घरी येऊन तिनं कागद फाडला आणि जाहीर केलं की काही वाढवायचं नाही, आहे तेच इंजिन नवीन रिंगा घालून बसवायचं, आणि या वर्षी शर्यत नको. माझ्या जिवातली धडधड महिनाभरात पहिल्यांदा थांबली. मी त्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्या.

सोमवारी सकाळी साडेदहाला धडधड परत सुरू झाली.

पोटात दुखतं म्हणून आलेल्या एका बाईंचं पित्ताशय बघत होतो. खडा होता. कर्सर लावले, आकडा आला, आणि माझा हात तिथंच थांबला. मशीन अंतर मोजत नाही. ते वेळ मोजतं. आवाज गेला आणि परत आला, त्याला किती वेळ लागला, एवढंच त्याला कळतं. त्यावरून अंतर ते स्वतः काढतं, आणि काढताना गृहीत धरतं की समोर माणसाचं मऊ मांस आहे. मांसातून आवाज सेकंदाला साधारण पंधराशे चाळीस मीटर जातो. हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. बिडातून तो जवळजवळ तिप्पट वेगानं जातो. म्हणजे एक दशांश आठ नव्हे, तर साडेपाचच्या आसपास. एक दशांश चार नव्हे, सव्वाचार.

मी लोखंडाला माणूस समजून तपासलं होतं. मोटार-मेकॅनिक ही चूक करणार नाही, कारण त्याच्याकडे माझं मशीन नाही. आणि दुसरा डॉक्टर करणार नाही, कारण तो शहाणा असेल.

"कुछ सीरियस है क्या डॉक्टर साब?" त्या बाई पांढऱ्या पडल्या होत्या.

"नाही, नाही. तुमचं काही नाही."

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मी घरी जाऊन हे सांगितलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी दिवसभरही नाही. आधी स्वतःला म्हणालो, नीट खात्री करू. मग म्हणालो, तिची परीक्षा जवळ आली आहे. शेवटी काही म्हणणंच सोडलं. चुकीच्या आकड्यानं माझी मुलगी घरात राहणार होती, आणि बरोबर आकडा तिला त्या कड्यावर नेणार होता. पंचवीस वर्षं मी लोकांना नको असलेले आकडे सांगत आलो. कुणाच्या यकृतावर गाठ आहे, कुणाच्या बाळाचे ठोके लागत नाहीत. एकदाही बदलून सांगितला नाही. आणि इथं एक लोखंडी ठोकळा होता, तर माझ्याच्यानं सांगवलं नाही.

पण त्या तीन दिवसांत भीती कमी झाली म्हणाल तर तसंही नाही. आधी ती वळणावर पडेल अशी भीती होती. आता ती पुस्तक उघडेल अशी भीती. ती टेबलाशी वाचत बसली की मी मागून जाऊन बघायचो, पान कुठलं आहे. एकदा ती 'ध्वनी' असं काही म्हणाली आणि माझ्या हातून आमटीची वाटी सुटली. ती शेजारच्यांच्या टीव्हीबद्दल बोलत होती.

बुधवारी संध्याकाळी बायकोनं पकडलं. "काय लपवताय?"

सांगितलं. ती गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होती, घालत राहिली.

"पेशंटला चुकीचा रिपोर्ट गेला तर तुम्ही काय करता?"

"परत बोलावतो. सुधारित रिपोर्ट देतो."

"आणि पेशंट तुम्हाला आवडत नसलेलं ऑपरेशन करून घेणार असेल तर?"

मी पाण्याची बादली उचलून पुढच्या कुंडीशी ठेवली.

"मलाही भीती वाटते हो," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा कमी नाही वाटत. पण तिनं उद्या स्वतः शोधून काढलं ना, तर पुढच्या वेळी ती आपल्याला विचारायलाच येणार नाही. मग काय मोजाल?"

मी क्लिनिकच्या लेटरहेडवर सुधारित अहवाल लिहिला. चार सिलिंडर, चार आकडे. तिसऱ्याची बाहेरची बाजू इतरांपेक्षा पातळ. आधीचा अहवाल ध्वनिवेगाच्या चुकीमुळे रद्द समजावा. खाली सही. असं लिहिलं की माणसाला वाटतं आपण कर्तव्य केलं, कबुली दिली नाही.

मुलीनं तो उभ्या उभ्या वाचला. चेहरा उजळला. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आपको कब पता चला?"

"सोमवारी."

"आज बुधवार है."

"हो."

"तीन दिन, बाबा?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मैंने क्रँक बेचने को बोल दिया है. आज सुबह बोला." आणि ती फोन घेऊन खोलीत गेली. क्रँक विकला गेला नव्हता. दार मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडलं नाही.

लग्नाला गेलेला माणूस परतला, त्याच्या यंत्रानं सरदारजींनी भिंती मोजल्या. पाच दशांश तीन, पाच दशांश पाच, चार दशांश दोन, पाच दशांश चार. त्यांनी माझा अहवाल शेजारी धरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर साब, आपने तो लोहे का पेट देख लिया!" मग हसणं आवरून ते तिसऱ्या सिलिंडरकडे वळले. तिथं खरंच साचा सरकला होता. त्यातून एक मिलिमीटर काढला तर तीन दशांश दोन उरणार. "इसमें तो मैं हाथ नहीं लगाऊँगा, पुत्तर. आधा ले ले. उससे ज़्यादा नहीं."

अर्धा म्हणजे पंचाहत्तरचा व्यास. त्यावर लांब धावेचा क्रँक घातला तर चौदाशे सदुसष्ट सीसी. जुनाच ठेवला तर तेराशे चौतीस.

सरदारजींची एक पद्धत आहे. साइज ते स्वतः लिहीत नाहीत. ज्याचं इंजिन त्यानं ब्लॉकवर खडूनं लिहायचं, कारण कातलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही आणि मागाहून 'मैंने तो ये नहीं बोला था' हे त्यांना ऐकायचं नसतं. त्यांनी खडू पुढं केला. मुलीनं तो घेतला आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"आपको क्या लगता है?"

माझ्या तोंडात 'चौतीस' होतं. अगदी दातांच्या मागं. तीस-पस्तीस सीसीची वाढ म्हणजे काहीच नाही, लहान इंजिन म्हणजे हळू इंजिन, हळू म्हणजे जिवंत. पण माझ्या मतावर आता काय विश्वास ठेवणार कोणी? मी म्हणालो, "मला विचारू नकोस. माझं उत्तर भिंत मोजून येत नाही, मला मोजून येतं."

मग ती सरदारजींशी बोलायला लागली. लांब धावेनं पिस्टन भिंतीला आडवा जास्त रेटतो, आणि तो रेटा नेमका तिसऱ्याच्या पातळ बाजूवर येतो. आणि चौदाशे सदुसष्टनं आपण मोठ्या वर्गात जातो, तिथं सगळे जवळजवळ सोळाशेचे. तिनं वाकून लिहिलं, ७५. खाली, जुना क्रँक.

तेराशे चौतीस! मी तिथंच एका रिकाम्या तेलाच्या डब्यावर बसलो. आनंदानं.

"छोटा है तो क्या," ती सरदारजींना सांगत होती, "घुमाऊँगी ज़्यादा. मिनट में साढ़े सात हज़ार चक्कर तक."

"घुमाऊँगी म्हणजे?" मी डब्यावरून विचारलं.

"छोटे इंजिन को पॉवर चाहिए तो तेज़ घुमाना पड़ता है ना, बाबा. बड़ा वाला तो आराम से चलता."

इतके दिवस मी ज्या लहान आकड्यासाठी देव पाण्यात घातले होते, तो मिळाला. आणि तो दुसऱ्यापेक्षा जास्त किंचाळणारा निघाला.

शर्यतीच्या आधीची चाचणी पिंजौरजवळच्या एका बंद कारखान्याच्या आवारात होती. परवानगी काढलेली, फाटक बंद, आत वर पाण्याच्या टाकीपर्यंत चढत जाणारा तीन वळणांचा रस्ता. सकाळची वेळ. सरदारजी स्वतःचं स्टूल घेऊन आले होते. बायको आली नाही, मला म्हणाली, "तुम्ही जा, मला फोन करू नका, नुसते परत या."

मुलीनं हेल्मेट घातलं. पट्टे आवळताना तिचा एक पट्टा दोनदा अडकला.

गाडी सुटली. मी आयुष्यभर आवाजावर पोट भरलं, पण इंजिन असं ऐकलं नव्हतं. पहिल्या वळणापर्यंत गाडी दिसत होती, मग झाडांआड गेली. दुसऱ्या वळणावर गियर बदललेला कळला. आवाज चढत गेला, चढत गेला, इतका की सरदारजी स्टुलावरून उठले.

आणि बंद झाला.

कमी झाला नाही. बंद झाला. मागं राहिला तो एक पक्षी, आणि माझ्या कानांतला माझाच ठोका.

मी धावलो. सत्तावन्न वर्षांचा, चौकात चौघांना वाट देणारा माणूस. चढावर, तोंड उघडं टाकून. पहिल्या वळणावर चप्पल गेली. काय दिसेल हे मला माहीत होतं, मी ते दोन महिने बघत होतो. दुसऱ्या वळणावर काही नव्हतं. पुढं गेलो.

तिसऱ्याच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. दिवे लुकलुकत होते. मुलगी बोनेटपाशी उभी होती, हेल्मेट हातात, केस कपाळाला चिकटलेले.

"सुई वर गेली," ती म्हणाली. मराठीत. "तापमानाची. लाल नव्हती झाली. पण जात होती. मी बंद केली."

"टाकी तर इथंच होती." मी हे का म्हणालो, मला माहीत नाही. धाप लागली होती, तोंडाला येईल ते बोललो.

"माहितीये. एकच वळण होतं." ती ओठ चावत होती. "मला खूप वाटलं, जाऊ दे, एकच आहे. आणि मग भिंत आठवली."

मी तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं. खालून सरदारजी स्टूल काखेत घेऊन हळूहळू चढत येत होते, एका हातात माझी चप्पल.

"पाण्याच्या पाइपात हवा असेल," ती म्हणाली. "नाहीतर पंप. नाहीतर..." आणि तिनं बोनेटवर, तिसऱ्या सिलिंडरच्या जागी, बोट दाखवलं. रेडिएटरचं झाकण आत्ता उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल. थंड होईपर्यंत कळणार नव्हतं.

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास तरी."

आम्ही कठड्यावर बसलो. पलीकडे 'काही नाही' होतं, पण झुडपांनी भरलेलं. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. थोड्या वेळानं ती उठली, गाडीपाशी गेली, बोनेटवर तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

"अभी नहीं," ती म्हणाली, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली.